बघणारे, भरणारे, खोडणारे

पासवर्ड टाकताना आक्का डाव्या हाताने पदर पसरून कीबोर्डवर धरायच्या. समोर मी एकटी असले तरी. "तुझ्यावर इस्वास हाय गं," म्हणायच्या, "पर डोळ्यांस्नी सवय नको." तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. पहिला महिना त्याचा नुसता राग येतो.

निपाणीच्या आमच्या वधू-वर केंद्रात संगणकाचं सगळं त्याच बघायच्या. पूर्वी सगळ्यांचा पासवर्ड एकच होता आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता. आपलीच माणसं, त्यांच्यापासून काय लपवायचं! मग एकदा आमच्या मालकांना कोगनोळीचा एक मुलगा कोल्हापुरात एका मुलीबरोबर साड्या घेताना दिसला. याचं जमलं, या आनंदात त्यांनी येऊन त्याचं नाव यादीतून खोडून टाकलं. ती त्याची बहीण होती. सहा महिने बिचाऱ्याला एक स्थळ आलं नाही. शेवटी त्याची आई आमच्या दारात येऊन बसली.

दुसऱ्याच दिवशी आक्कांनी कॅलेंडर उतरवलं. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला आणि आमचे तीन गट पाडले: बघणारे, भरणारे, खोडणारे. फोन नंबर ज्याच्याकडे ते स्थळ सोपवलंय, त्यालाच दिसणार. खोडणाऱ्यांत त्या एकट्याच होत्या. मालक बघणाऱ्यांत गेले.

"आक्का, केंद्र माझं हाय न्हवं?"

"तुमचंच हाय की आप्पा. बघा की पोटभर."

मालकांनी चार दिवस डबा एकट्याने खाल्ला.

आक्कांची मुलगी बेळगावात नोकरीला होती. तिचंही नाव यादीत होतं. आपण आई आहोत, रोज उघडून बघणार, न आवडलेल्यांना परस्पर नकार कळवणार, हे आक्का ओळखून होत्या. त्यांनी मुलीचं पान माझ्याकडे सोपवलं आणि स्वतःला त्यातून काढून टाकलं. मनात आणलं असतं तर परत घुसणं त्यांना दोन मिनिटांचं काम होतं. त्या घुसल्या नाहीत. "पोरीचं पोरीनंच सांगाय पायजे," म्हणाल्या. "मी पाया पडले तरी सांगू नगंस."

आणि मग रोज चहाला सुरू.

"काय आलं का गं?"

"सांगता येत न्हाय, आक्का."

"व्हय, बरोबर हाय." पाच मिनिटांनी, "निदान गाव तरी?"

एका सोमवारी मुलीने उचगावच्या मुलाला होकार कळवला. घरी ती बुधवारी येऊन सांगणार होती. दोन दिवस मी आक्कांसमोर मान खाली घालून टाइप करत बसले. मला इतकं अवघड काम त्या नोकरीत दुसरं पडलं नाही.

गुरुवारी आक्का पेढे घेऊन आल्या.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"किती दिस?"

"दोन."

त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि अख्खा पेढा माझ्या तोंडात कोंबला.

वर्षभराने त्या निवृत्त झाल्या. जाताना सगळे अधिकार माझ्या हाती दिले. माणूस नोकरी सोडून गेलं की त्याच संध्याकाळी संगणकातून त्याचं नाव काढायचं, हा नियम त्यांचाच. मी काढलं. रडू आलं, खोटं कशाला सांगू.

सकाळी फोन आला. "माझं नाव काढलंस न्हवं?"

"कालच काढलं, आक्का."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या.