तीन डिस्क, एक बांधी

आमच्या दिघोरीकडे धान उभा असतानाच त्यात लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकतात. धान कापला की खालून लाखोळी हिरवीगार वर येते, जमीन रिकामी राहत नाही. यंदा घरामागच्या बांधीत, धानाच्या त्या तुकड्यात, मी लाखोळी टाकू दिली नाही. सारं गाव विचारून थकलं.

"काहून जी कंडक्टर, एवढी चांगली बांधी पडीत कायले ठेवली?"

"माझी बांधी, माझी मर्जी," म्हणायचो. आता खरं काय सांगणार? मुलगी मंडईला, दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, येणार होती आणि तिच्यासोबत मला त्या बांधीत डिस्क फेकायच्या होत्या. असं बोललो असतो तर म्हातारा वेडा झाला म्हणून लोकांनी मला लाखांदूरच्या दवाखान्यात नेऊन बसवलं असतं.

हे खूळ तिचंच. लॉकडाऊनमध्ये ती पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आली, तेव्हा पिशवीत तीन डिस्क होत्या, थाळीएवढ्या प्लास्टिकच्या चकत्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाचं झाड आहे, त्याला तिनं टोपली टांगली. लांबून फेकत फेकत, कमीत कमी फेकीत डिस्क त्या टोपलीत घालायची, एवढाच खेळ. "इंजिनेर झाली न थाळ्या फेकून राहिली," असं मी तिला चिडवलं. आठवड्याभरात तिच्या आधी मीच बांधीत जाऊन उभा राहायला लागलो.

तिन्ही दिसायला सारख्या, पण उडायला नाहीत. लाल, जाड काठाची, ती पटर, जवळच्या फेकीची. हळू जाते, सरळ जाते आणि जिथं सांगितलं तिथं बसते. निळी ड्रायव्हर, पातळ धारेची, लांब फेकायची. पोरीच्या हातून सुटली की आधी थोडी उजवीकडे झुकायची, मग लांब जाऊन डावीकडे वळायची, पाहत राहावं अशी. माझ्या हातून सुटली की लगेच डावीकडे, थेट शेजाऱ्याच्या वावरात. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच. "बाबा, डिस्कची चूक नाही, तुमचा जोर कमी पडून राहिला," ती हसून हसून बेजार व्हायची. पिवळी मधली. ती नवी होती तेव्हा शेवटी डावीकडे यायची म्हणे. झाडावर, दगडावर आपटून आपटून तिचा काठ झिजला, आणि आता ती उजवीकडे जाते ती तिकडेच जाते. झिजलेली डिस्क वळत नाही, असं मुलगीच सांगायची. मला मात्र तीच आवडायची, का ते विचारू नका.

मग लग्न झालं आणि ती कॅनडाला गेली. डिस्क इथंच राहिल्या. तिची आई तर आधीच देवाघरी गेलेली. घर खायला उठायचं, म्हणून मी पहाटे बांधीत जायला लागलो. दोघं असली की एकानं इकडून फेकायची, दुसऱ्यानं तिकडून. एकट्यानं फेकायच्या म्हणजे तिन्ही फेकायच्या आणि तिन्ही आपणच आणायच्या. एसटीत होतो तेव्हा माणसांचा वीट यायचा, पुढं सरका पुढं सरका म्हणून घसा बसायचा. आता दिवसभर तोंड उघडायची गरज पडत नाही. फार एकटं वाटतं, त्यात लपवायचं काय?

सरावाचं मी तिला कळू दिलं नव्हतं. मंडईला आली की ड्रायव्हर अशी फेकून दाखवायची, की पोरीनं तोंडात बोट घालावं, असं ठरवलं होतं. पावसाळाभर धुऱ्यावरून फेकली. धान कापल्यावर बांधी मोकळी झाली आणि फेक लांबली. आधी उजवीकडे, मग डावीकडे, जवळजवळ तिच्यासारखी.

मंडईच्या दिवशी गावात घरोघरी पाहुणे. रात्रीच्या नाटकाचा मंडप उभा राहिला होता, लेकीबाळी कालपासून माहेरी आलेल्या. आमची तेवढी यायची होती. मंडईला नाही तर मागून चार दिवसांनी तरी येते, सुट्टीचं नक्की झालं की फोन करते म्हणाली होती. दुपारी मी बांधीतच होतो, तेव्हा फोन वाजला.

"बाबा, नाही जमत न यंदा," ती म्हणाली. "आम्ही इथंच घर घेऊन राहिलो बाबा. समोर मैदान आहे, टोपल्या लावलेल्या आहेत."

"बरं झालं," मी म्हणालो.

"तुमाले धाप काहून लागली?"

"जिना चढलो."

"एक काम कराल का? माझी मैत्रीण पुढच्या महिन्यात नागपूरहून इकडे येऊन राहिली. तिच्याजवळ माझ्या डिस्क पाठवून द्या न. तिथं अशाही पडूनच असतील."

निळी माझ्या हातात होती. दुसऱ्या दोघी पलीकडच्या धुऱ्याशी, मी जाऊन आणेन म्हणून पडलेल्या.

"हो माय," म्हणालो, "पडूनच आहेत."