काचेवरचा बँड

एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई सुरू झाली आणि कारखान्याच्या क्लबातली लायब्ररीची खोली प्रथमोपचार केंद्रासाठी हवी झाली. त्या लायब्ररीचं काम मी बघत असे. सकाळी कॉन्व्हेंटमध्ये लहान मुलींना शिकवायचं आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी इथे पुस्तकं द्यायची-घ्यायची. हे दुसरं काम मला जास्त आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नसे. लोक पुस्तक पुढे करायचे, मी शिक्का मारायची.

कपाटं रिकामी करताना बांधीव मासिकांच्या मागे एक लाकडी पेटी सापडली. आत सहा काळ्या तबकड्या. दुकानातल्या तबकड्यांवर असतं तसं कंपनीचं नाव नव्हतं. पांढऱ्या कागदावर पेन्सिलीनं, जुन्या इंग्रजी स्पेलिंगात, आमच्या गावाचं नाव लिहिलं होतं आणि खाली ‘डान्स बँड’. एकीच्या कडेचा काळा थर उडाला होता आणि त्याखाली चक्क काच दिसत होती. महायुद्धात इथल्या छावणीत गोऱ्या शिपायांचा बँड होता, शनिवारी क्लबच्या हॉलमध्ये नाच व्हायचा, एवढं मी ऐकून होते. तो बँड कुणी यंत्र आणून थेट तबकडीवर उतरवून ठेवला असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

क्लबचे सेक्रेटरी हौशी गृहस्थ. त्यांनी कोपऱ्यातल्या ग्रामोफोनला चावी दिली, एका डबीतली गंजकी सुई लावली आणि तबकडी ठेवली. खरखर झाली. मग एक तरुण पुरुषी आवाज म्हणाला, “गुड इव्हनिंग फ्रॉम जब्बलपोर!” आणि पुढच्या क्षणाला सगळी ट्रंपेटं एकदम उभी राहिली.

शाळेत आम्ही जी इंग्रजी गाणी शिकलो ती सगळी दुसऱ्या कुठल्यातरी गावची होती. तिथला बर्फ, तिथली फुलं. हे वाजत होतं ते भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये वाजलेलं होतं. मध्येच लांबून रेल्वेची शिट्टी आली, आणि ती आमच्याच रुळांवरची होती. मी हातातली पुस्तकं खाली ठेवली.

तेवढ्यात मला सुईच्या टोकाशी केसासारखा काळा धागा गोळा होताना दिसला. तबकडी सोलून निघत होती. मी हात करून थांबवलं. सुई जिथवर गेली होती तिथवर तबकडीची चमक गेली होती.

“अच्छा बजाते थे,” सेक्रेटरी म्हणाले. “पर अब तो ये डेड स्टॉक है. रविवार को तोड़ देंगे.”

“तोड़ देंगे?”

“नियम है. क्लब की चीज़ किसी को दे नहीं सकते. पर तोड़ सकते हैं, दो गवाहों के सामने.”

त्यात त्यांना काही विचित्र वाटत नव्हतं. कारखान्यात मोडक्या खुर्चीपासून जुन्या टाइपरायटरपर्यंत सगळं असंच जायचं. मला मात्र एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती: या सहा तबकड्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही, आणि रविवारी हा बँड कायमचा गप्प होणार. मी शिक्क्याचं पॅड बंद केलं आणि विचारलं, की पुस्तकासारख्या या तबकड्या रविवारपर्यंत घरी नेता येतील का. सेक्रेटरींनी पेटी माझ्याकडे सरकवली. “चलो, ले जाओ. पर गिन के वापस.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या मुख्य सिस्टरकडे गेले. शाळेत उच्चार शिकवण्यासाठी स्पूलचा टेपरेकॉर्डर होता.

“कशासाठी हवा?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“एका बँडसाठी, सिस्टर.”

“कुणाच्या?”

“आमच्या,” मी म्हणाले, आणि पुढे काय सांगावं ते न सुचल्यानं तेवढ्यावरच थांबले. बहुधा त्यामुळेच मिळाला. स्पूल तेवढी मी सदर बाजारातल्या रेडिओच्या दुकानातून स्वतःची विकत घेतली. ग्रामोफोन क्लबचाच, सेक्रेटरींना विचारून आणला होता.

चेरीतालला आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. रिक्षातून उतरवलेलं सामान पाहून आईनं कपाळाला हात लावला.

“काहून गं, घरात दुकान मांडून राहिलीस का? बाबा झोपलेत आत.”

लढाईमुळे बाबांना कारखान्यात रोज रात्रपाळी होती, तीही लांबलचक. दिवसा घरात आम्ही भांडंसुद्धा हळू ठेवायचो.

मी आईला सगळं सांगितलं. धाग्याचंही सांगितलं. एकदा वाजवली की थोडी मरते, म्हणजे एकदाच वाजवून काम झालं पाहिजे आणि सुई वेगळी पाहिजे.

“लग्नाचं विचारलं की मूग गिळून बसतेस,” आई म्हणाली, “आणि या गोऱ्यांच्या बाजासाठी थेट सेक्रेटरीशी बोलून आलीस!” मग म्हणाली, “सुई नको लावू त्याला. आम्ही गढ्याच्या वस्तीत राहत होतो तेव्हा, महायुद्धात, सुया मिळायच्याच नाहीत. तुझा मामा बाभळीचा काटा लावायचा. आवाज बसका येतो, पण तबकडीला ओरखडा नाही.”

मी नाल्याकडेच्या बाभळीवरून वाळके काटे काढून आणले. बाबांच्या दाढीच्या ब्लेडनं ते तिरके कापले. पहिले दोन चिरले, तिसरा सुईच्या जागी घट्ट बसला. एक बाजू संपली की टोक बोथट व्हायचं आणि नवा काटा लावावा लागायचा.

बाबा संध्याकाळी सायकलवर कामाला गेले की मी सुरू करायची. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद होतेच, त्यावर मी रजया टांगल्या. मेणबत्तीच्या उजेडात भोंग्यासमोर माइक ठेवायची, टेप फिरवायची आणि काटा अलगद टेकवायची. काट्यानं आवाज खरंच बसका यायचा, पण धागा नाही निघाला. सॅक्सोफोन एकमेकांना टेकून चालायचे, ड्रमवाला मागून त्यांना ढकलायचा, आणि नाचणाऱ्यांचे बूट हॉलच्या लाकडी जमिनीवर घासलेले ऐकू यायचे. ही माणसं उद्या कुठल्या आघाडीवर जाणार होती कोण जाणे. वाजवत होती मात्र जीव लावून.

एकदा ऐन भरात असताना बाहेरून ब्लॅकआउटच्या वॉर्डनचा आवाज आला. “अरे, बाजा कौन बजा रहा है? यहाँ जंग चल रही है!”

आई दारात गेली. “भैया, बत्ती बंद है. बाजे पर भी रोक लगी है क्या?”

“नहीं दीदी, पर ये कौन सा स्टेशन है?”

हे सगळं टेपवर आलं, ट्रंपेटच्या मधोमध. पुन्हा वाजवून तबकडी झिजवायची नव्हती. मी ते तसंच राहू दिलं.

शनिवारी संध्याकाळी वीज गेली आणि आली नाही. एका तबकडीची एक बाजू राहिली. तिला काचेत आरपार तडा होता, म्हणून मी ती शेवटी ठेवली होती. रविवारी दहाला तबकड्या क्लबात हव्या होत्या. सकाळी वीज आली आणि पाठोपाठ बाबाही आले, डोळे लाल, हाताला तेलाचा वास. चहा न घेताच ते खाटेवर आडवे झाले.

आमच्या घरात बाबांची झोप मोडायची नसते, हे मी लहानपणापासून पाळत आले होते. मी खाटेपाशी गेले.

“बाबा, तीन-चार मिनिटं. मला मोठ्यानं वाजवायचं आहे.”

“किती मोठ्यानं?”

“पूर्ण.”

“रात्रभर प्रेस मशीनच्या दणक्यात बसून आलो मी,” बाबा डोळे मिटूनच म्हणाले. “त्याच्यापेक्षा मोठं असेल तर उठव.”

मी काटा टेकवला. तड्यावरून जाताना तो दर फेऱ्याला टक् करून उडायला पाहायचा, म्हणून मी बोटानं त्याला किंचित धरून ठेवलं. संथ चाल होती, एकच क्लॅरिनेट आणि मागे सगळा बँड दबक्या पावलांनी. अर्ध्यात पोचेपर्यंत बाबा घोरायला लागले. आईनं पदर तोंडात कोंबला. माझं बोट अडकलेलं, मी त्यांना हलवूही शकत नव्हते आणि हसूही शकत नव्हते. शेवटचा सूर संपेपर्यंत बोट हललं नाही. मग मी टेप बंद केली.

दहाला मी क्लबात पेटी मोजून दिली. मागच्या अंगणात पोतं पसरलं होतं. दोन साक्षीदार आले, एक स्टोअरमधला तरुण आणि एक निवृत्त फोरमन. चौकीदारानं हातोडा घेतला. काचा साध्या पेल्यासारख्या फुटल्या. मी सहाही फुटेपर्यंत तिथेच उभी राहिले. कागदावर सह्या झाल्या.

“और टेप?” सेक्रेटरींनी विचारलं. “बन गई? बहुत बढ़िया!” त्यांना मनापासून आनंद झाला होता. त्यांनी स्टॉकचं रजिस्टर ओढलं आणि पेनचं टोपण काढलं. “लाओ, चढ़ा देते हैं. आखिर चीज़ तो क्लब की है.”

स्पूल माझ्या पिशवीत होती. मी पिशवी पुढे केली नाही.

“नहीं,” मी म्हणाले.

“क्यों जी?”

“रजिस्टर में चढ़ेगी तो एक दिन टूटेगी.”

तरुण साक्षीदार हसला. “अरे, ये तो बोलती भी हैं!”

“स्पूल मेरी है, मैंने खरीदी है,” मी म्हणाले. “तबकड्या... रिकॉर्ड क्लब के थे, वो टूट गए. ये घर पर रहेगी. जिसको सुननी हो, चेरीताल आ जाए.”

सेक्रेटरी पोत्यातल्या काचांकडे पाहत राहिले. पेनला टोपण घालून त्यांनी रजिस्टर मिटलं. निवृत्त फोरमन पुढे झाले आणि त्यांनी घराचा पत्ता विचारला. अनोळखी माणसाला मी आजवर कधी पत्ता दिला नव्हता. त्यांना दिला, गल्लीच्या खुणेसकट.