सावडीला पाठवलेले पाहुणे

इंथाला मोठेपण आलं ते भाचीमुळे. ती चियांगमाईला कॉलेजात शिकायची. तिने मामाच्या भातखाचरांचे, म्हशीचे आणि घराच्या लाकडी पायऱ्यांवर बसलेल्या मामाचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि खाली लिहिलं, शेतात काम करा, गावातल्या कुटुंबात राहा, जेवण आणि अंथरूण आमचं. झालं! थायलंडच्या उत्तरेला, नान नदीकाठच्या आमच्या गावात पाठीवर भलीमोठी ओझी घेतलेली गोरी पोरं उतरायला लागली.

जन्मभर चिखलात वाकलेला माणूस तो. दारात पाच-पाच परदेशी गडी फुकट राबायला उभे म्हटल्यावर हवेत जाणारच. त्याने नवी टोपी घेतली, चिंचेखाली झुला बांधला आणि झुल्यातूनच हात करून हुकूम सोडायला लागला. इंग्रजी येत होतं दोन शब्द, पण हुकमाला तेवढं पुरतं. "माझी माणसं," असं तो छाती फुगवून म्हणायचा. त्या माणसांसाठी पहाटे चिकट भात वाफवायचा, मच्छरदाण्या लावायच्या, कोण डुक्कर खात नाही, कोणाला माशाचा सॉस चालत नाही, कोण अंड्यालाही शिवत नाही, हे ध्यानात ठेवायचं, हे काम मात्र त्याच्या बायकोचं, खामपेंगचं. ती म्हणायची, "म्हैस परवडली बाई. काय घालू ते खाते."

इथवर चाललं होतं. घोडं अडलं ते सावडीपाशी.

गावात भाताचं काम सावडीनेच होतं. ज्याच्या शेतात पाणी आधी, त्याच्याकडे सगळे आधी, मग तो बाकीच्यांकडे. हाताला हात. इंथाचं शेत पाटाच्या तोंडाशी, म्हणून लावणी पहिली त्याची. सगळं गाव वाकलं आणि संध्याकाळपर्यंत त्याचं शेत हिरवं करून दिलं. मग पाळी आली चंता मावशीची. सावडीत शब्द तिचा चालतो. खामपेंग उजाडायच्या आत तिकडे गेली. इंथा झुल्यातूनच म्हणाला, "मी कशाला? एका इंथाच्या बदल्यात पाच जण देतो की! मावशी खूश होईल."

गेले पाच जण. त्यातली फ्लूर नावाची हॉलंडची मुलगी चिखलात पाय घालण्याआधी डोळे मिटून उभी राहिली, जमिनीची परवानगी मागायला. जमीन काही बोलली नाही, मागच्या ओळीतल्या बायका मात्र पुष्कळ बोलल्या. एकाने रोपं इतकी वरवर खोचली की दुपारी ती पाण्यावर तरंगत होती. दुसऱ्याच्या पोटरीला जळू चिकटली, तर त्याला धीर द्यायला उरलेले सगळे बांधावर जाऊन बसले. ते उठले थेट जेवायलाच. त्यांच्यासाठी मावशीला वेगळी चूल पेटवावी लागली.

"कशी काय माझी माणसं?" संध्याकाळी इंथाने विचारलं.

"गोड आहेत रे पोरं," मावशी म्हणाली. "किती हसतात!"

इंथाला ती शाबासकी वाटली. मग काय, प्रत्येक शेतावर हाच प्रकार: खामपेंग स्वतः वाकायची आणि इंथाच्या बदल्यात हे पाच जण. तोंडावर कोणी काही बोललं नाही. चारचौघांत कोणाला खाली पाहायला लावायचं नाही, ही आमची रीत. खामपेंगने ते ओळखलं. "स्वतः जा की रे," ती म्हणाली. "गाव गप्प झालंय."

"गप्प आहे म्हणजे राजी आहे. तुला कळतं काय त्यातलं!"

भात पिकला, कणसं वाकली आणि रेडिओने अवकाळी पाऊस सांगितला. उभं पीक भिजलं तर चिखलात आडवं होऊन कोंब फुटणार, वर्षाचं खाणं मातीत जाणार. फ्लूर आणि मंडळी गळ्यात पडून, रडून, आदल्याच आठवड्यात समुद्रावर गेली होती. तिथे म्हणे कासवं वाचवायची होती. इंथाने घरोघरी निरोप फिरवला, उद्या कापणी. "येतो की!" सगळे म्हणाले.

आणि सकाळी आले खरे. शेजारच्या मूनने आपला बँकॉकचा मेहुणा पाठवला, पांढरे बूट घातलेला. दुसऱ्या घरचे बहिरे आजोबा आले आणि त्यांनी सरळ झुला गाठला. चंता मावशीकडून शहरातले पाच पाहुणे आले. ते कणसांत उभे राहून एकमेकांचे फोटो काढत राहिले. त्यातल्या एकीने तर, माशाचा सॉस नसलेलं काही मिळेल का, असंही विचारलं. शेळी मोकळी सोडली असती तरी यापेक्षा जास्त कापणी झाली असती. दुपारी भांडी चाटूनपुसून साफ करून, "काय सुंदर शेत आहे हो तुमचं!" म्हणत मंडळी निघून गेली. डोंगरावर आभाळ काळं होत होतं आणि इंथाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तेवढ्यात बांधावरून बायका आल्या, हातात विळे, पुढे चंता मावशी.

"मावशी! अगदी देवासारखी धावून आलीस!"

"तुझ्यासाठी नाही रे बाबा. तुझे हात सकाळीच फेडले आम्ही, जसे आले तसे. हे हात खामपेंगचे."

विळे सपासप चालले. खामपेंगही त्यांच्यात होती. मधल्या बांधाशी येऊन सगळ्या जणी थांबल्या आणि त्यांनी विळे पुसले.

"अगं, अर्धं राहिलं ना!" इंथा ओरडला.

"राहिलं ते तुझं," मावशी म्हणाली आणि बायका आल्या वाटेने परत गेल्या.

इंथाने विळा उचलला. दोन ओळींतच कंबर बोलायला लागली, तळहाताला फोड आला. त्याने मागे पाहिलं. कापलेल्या भातावर ताडपत्री घालून खामपेंग तिची दोरी आवळत होती.

"बघत काय बसलीस? विळा घे! पाऊस आलाय!"

"माझ्या पोटापुरतं झालंय कापून," गाठ मारता मारता ती म्हणाली. "तुला जेवायचं असेल तर वाक."