आईच्या गालातली नाडी

आमची आई बांगड्याचं कालवण इतकं तिखट करायची की आमच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती मात्र वरून मिरची चावायची. तीच आई एका दुपारी बांगड्याची तुकडी पाण्यात धुऊन खाताना दिसली.

"आई, हे काय गं?"

"गालाला झोंबतं. आतून काटा लागलाय, मांदेलीचा."

"कधी?"

"शिमग्याच्या आधी."

आणि आता आंबे संपत आले होते! माझा राग आधीच नाकावर, त्यात शाळेत शिकवून आवाज हा असा. "अगं, कसला काटा इतके दिवस राहतो?" म्हणून मी ओरडले. औषध चालू आहे म्हणाली. औषध म्हणजे काय, तर मिश्री. आमच्याकडे बायकांची सगळी दुखणी मिश्रीवर येऊन थांबतात. दाढ ठणकली, लाव मिश्री. पोट साफ नाही, लाव मिश्री. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची ती काळी पूड आई रोज सकाळी नेमकी त्या जखमेवर दाबून ठेवत होती, कारण त्याने गाल बधिर व्हायचा आणि तिला बरं वाटायचं. माझं डोकंच फिरलं.

"दुखत तर न्हाय," ती म्हणाली. "मग डॉक्टरला काय दाखवू, डोंबल?"

तोंड उघडायला तयार होईना. शेवटी मी ताट बाजूला सारलं, तू दाखवत नाहीस तोवर जेवणार नाही म्हटलं, तेव्हा कुठे तिने आ केला. तोही अर्धाच, जबडा पुढे उघडतच नव्हता. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर गालाच्या आत पांढरा चट्टा, मधे लाल, आणि बोट लावलं तर कडा टणक.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने अलिबाग गाठलं. दातांच्या डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा नाहीतर लाल चट्टा उठला, तोंड कमी उघडायला लागलं, तर दाखवायचंच. दुखायची वाट बघू नका. हे सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही." त्यांनी जखमेचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. लहान होता अजून, एवढंच नशीब.

मांडव्याहून मुंबईला जाताना लाँचमध्ये आईने एकच विचारलं, "मी बोलेन ना गं?" आमच्या विहारात संध्याकाळची वंदना तीच सुरू करते, बाकीच्या तिच्या मागून म्हणतात. मी "हो" म्हटलं. मला काय ठाऊक होतं, कपाळ!

मुंबईच्या इस्पितळातल्या सर्जननी समजावलं, गालाचा तेवढा भाग काढायचा आणि मनगटाची कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट उचलून तिथे शिवायची. मला वाटलं, चेष्टा करतात. हाताची कातडी गालात? पण त्यांनी केलं. अख्खा दिवस लागला.

आता भीती वेगळी होती. त्या नव्या कातडीतलं रक्त थांबलं तर कातडी मरणार आणि सगळं पुन्हा उघडावं लागणार. नर्स येऊन रक्त वाहतंय का ते ऐकवणारं पेन्सिलीएवढं यंत्र आईच्या गालात धरायची आणि आम्ही श्वास रोखायचो. पहिल्यांदा नुसती खरखर आली. मग सुस्स, सुस्स, सुस्स. "ऐका," नर्स म्हणाली, "हाताची नाडी."

बाई गं! कालपर्यंत ज्या मनगटात काकणं वाजत होती, तिथली नाडी आईच्या गालात चालू होती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आईला नाकात नळी, बोलता येत नव्हतं. तिने बँडेज बांधलेला हात उचलला, मनगट दाखवलं, मग गाल, आणि डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला हात जोडावेसे वाटले, पण कुणाला ते कळेना. मी हमसून हमसून रडले.

काही दिवसांनी डॉक्टरांनी तिला बोलून बघा म्हटलं. मी कानात प्राण आणून बसले. जड, बोबडं, पण स्वच्छ कळेल असं ती माझ्याकडे बघून म्हणाली,

"आता तू आ कर. बघू दे मला."

सगळ्या वॉर्डासमोर मी तोंड उघडलं.