उजेडातला पाट

आमची आई सगुणाबाई गेली. दहावा झाला, पाहुणे आपापल्या गावाला गेले, आता घर नुसतं खायला उठतंय. शेवटच्या दिवसांत ती एकच म्हणायची, खिडकी उघडा, दार लावू नका, उजेड येऊ द्या. आणि मग तिच्या आईची गोष्ट सांगायची. आंबवड्याच्या ठकुबाईची. किती वेळा सांगितली त्याला गणती न्हाई. आता सांगणारी न्हाई, म्हणून हितं मोबाईलवर जशी तोंडात येतीय तशी लिहायची. शाळा जास्त झाली न्हाई, तवा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

ठकुबाई मूळची वरव्याची. लग्न होऊन भाटघरला आली, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. नवरा मानसिंग, अंगानं दांडगा, पण एका पावसाळ्यात ताप आला आणि चार-आठ दिवसांत माणूस गेलं. सगुणा तेव्हा अजून अंगावर पीत होती. ठकुबाई पुरती विशीची न्हवती.

तिचं सासू-सासऱ्यांनी काय वाईट केलं न्हाई, हे आधी सांगायला पाहिजे. सासरा रखमाजी तोंडाचा फटकळ आणि मनाचा लोण्यासारखा. सासू रतनबाई बोलायची कमी. पोरगा गेल्यावर तर तिनं बोलणंच टाकलं. ती आणि ठकुबाई एका ताटात जेवायच्या, एका घोंगडीवर निजायच्या, मधी सगुणा. तीन-चार वर्षं अशीच गेली.

मग एका दिवाळीनंतर रखमाजीच म्हणला, "ठके, आमी पिकली पानं. आमच्या माघारी तुझं काय? आंबवड्याच्या चिमाजीची बायकू बाळंतपणात गेली. मानूस गरीब हाय, पन दारू पीत न्हाई, बैलाला सुदिक शिवी देत न्हाई. पाट लावून दिऊ का?"

ठकुबाई भांडी घासत होती. तिनं मान वर केली न्हाई. "मामंजी, तुमाला जड झाले का मी?"

"जड झाली असतीस तर तशीच ठेवली असती की. फुकटात राबती."

तेव्हा ती हसली, आणि हसता हसता रडली.

आता पाट म्हणजे विधवा बाईचं दुसरं लग्न. आमच्या शेतकरी घरांत ती जुनीच चाल होती, कुणा सुधारकानं आणलेली न्हवे. लोक म्हणतात पूर्वी बायकांना काय मोकळीक न्हवती. होती थोडी. पण दिली तरी चोरून दिल्यासारखी दिली. पाट लागायचा अंधारात. मांडव न्हाई, वाजंत्री न्हाई. सवाष्ण बाईनं पाटाच्या नवरीचं तोंड बघायचं न्हाई, बघितलं तर तिच्या कुंकवाला धोका. ओटी भरायला पाट लागलेलीच एखादी बाई बोलवायची. आणि पहिल्या नवऱ्याचं लेकरू त्याच्याच घरी राहायचं. लेकरू निजलं की आई जायची. सकाळी लेकरानं उठून आई शोधायची.

ठकुबाईला हे सगळं ठाऊक होतं. चिमाजीला तिनं भोरच्या बाजारात एकदा बघितलं होतं. बैलाच्या गळ्यातली घंटी विकत घेताना तो ती आधी आपल्या कानाशी वाजवून बघत होता. माणूस तिला पसंत होता. पण सगुणाला सोडून जायचं, हे तिच्या मनाला पटत न्हवतं. बाईच्या मनात काय आहे ते तेव्हा कुणी फार विचारत न्हवतं.

मधी तिचा भाऊ भिमा वरव्याहून आला. भिमा चार बुकं शिकलेला, पांढरी टोपी घालणारा. तेव्हा भोरला संस्थान होतं, आणि प्रजेला हक्क पाहिजेत म्हणून सभा व्हायच्या. भिमा सगळ्या सभांना जायचा, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचा. पण पाटाचं ऐकून त्याचं तोंड उतरलं.

"तात्या, आता खानदानी घरांत पाट लावत न्हाईत," तो रखमाजीला म्हणला. "मला चार लोकांत उठायबसायचं असतंय."

"कोनते चार लोक रं? मला दाव तरी. त्यातला एक जन ठकीला भाकरी घालनार आसंल तर पाट नगं."

भिमानं टोपी सारखी केली. मग म्हणला, "बरं, करायचंच तर रीतीनं करा. गुपचूप, अंधारात. आन पोर हितंच राहू द्या. चिमाजीच्या घरी परक्याचं पोर कशाला?"

रखमाजीनं पण मान हलवली. सगुणा म्हणजे त्याच्या मेलेल्या मानसिंगाची एवढीच खूण. ती जावी असं त्याला तरी कुठं वाटत होतं.

भाताची झोडणी संपली, थंडी पडली, आणि अवसेच्या आसपासचा दिवस धरला. चिमाजी दोन माणसं घेऊन तिन्हीसांजेला आला आणि गोठ्याकडंच बसला, नवरदेवासारखं पुढं यायची त्याला लाज वाटत होती. शेजारच्या वाडीची बाळाबाई ओटी भरायला आली. तिचा स्वतःचा पाट लागलेला, म्हणून आसपासच्या सगळ्या पाटांना तीच. मंत्र म्हणायला कोंडिबा गुरव आला. भिमा अंगणात येरझाऱ्या घालत होता.

ठकुबाई उंबऱ्यात बसली होती, सगुणा मांडीवर. नवं लुगडं बाजूला तसंच घडीत.

"नेस की गं," बाळाबाई म्हणली. "पोर निजली का?"

"न्हाई निजली. आन मी निजवनार न्हाई," ठकुबाई म्हणली. "मला पाट लावायचाय. चिमाजी मला पसंत हायेत. पन उजाडल्यावर लावा."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

भिमा पुढं आला. "ठके, डोकं फिरलं का? उजेडात पाट कुनी बघितलाय का?"

"दादा, तुमी सभंत वरडता ते रातीला वरडता का दिवसा?"

"त्येचा हितं काय संबंध?"

"मला काय सभंतलं कळत न्हाई. पन मी काय चोरी केल्याली न्हाई. माझी पोर सकाळी उठून सगळ्या घरात मला हुडकंल, त्ये मी सोसनार न्हाई. मी जायची तर तिच्या डोळ्यादेखत जाईन. ती येती म्हनली तर तिला घिऊन जाईन. हे चालत नसंल तर पाव्हन्यांना जेवू घाला आन वाटंला लावा. मी हितंच ऱ्हाते, माझी तक्रार न्हाई."

आवाज चढवला न्हाई तिनं. म्हणूनच कुणाला भांडता आलं न्हाई.

बाळाबाई उठली. "मला सकाळी वैरनीचा भारा आनायचाय बाई. उजेडात मला कोन बोलवतंय? मला समदे अंधारातच वळखतात," असं म्हणून ती निघून गेली. कोंडिबा गुरवाला भिमानं विचारलं, आता मंत्राचं काय? तो म्हणला, "मंतर दोन्ही येळेला त्योच हाय. अंधारात म्या जरा पुसट म्हनतो, इतकाच फरक."

आणि चिमाजी? तो गोठ्यातनंच म्हणला, "आमी थांबतो की. हितं बैल हायेत, बरं वाटतंय." ठकुबाईनं ते ऐकलं. आमच्या आईला ती पुढं सांगायची, "तवा मला कळलं, मानूस बरा हाय."

उजाडलं. धुकं धरणावर होतं तोवर वाडीत खबर पसरली. बाप्ये आले बघायला, बायका आल्या त्या डोळ्यावर पदर ओढून. आडावर तर गंमतच झाली, पदर तोंडावर घेऊन पाणी शेंदायला गेल्या, एकीची घागर दुसरीच्या डोक्याला लागली, आणि दोघी आंधळ्यासारख्या भांडत बसल्या. भिमा भिंतीकडं तोंड करून उभा होता.

"मामा, तुमी भिताडाकडं काय बगताय?" सगुणानं विचारलं.

अंगणात बसायला दोन पाट मांडले. चिमाजी एकावर बसला, एवढा अवघडून की घाम फुटला होता थंडीत. ठकुबाई नवं लुगडं नेसून दुसऱ्यावर बसली. कोंडिबानं गाठ मारली, मंत्र म्हणला, या वेळी चांगला खणखणीत. मग म्हणला, "आता ओटी. ओटी भरल्याबिगार पाट पुरा न्हाई."

बाळाबाई गेलेली. उरल्या त्या सगळ्या सवाष्णी, आणि सगळ्या पाठमोऱ्या. रिकामा पदर पसरून ठकुबाई बसून राहिली. ऊन अंगणात आलं, तरी कुणी हलेना. भिमा म्हणला, "सांगत व्हतो मी." चिमाजी हळूच म्हणला, "पुरुषानं भरली तर चालंल का?" कुणीतरी हसलं.

रतनबाई घरात होती, दाराआड. सगुणा आता तिच्या कडंवर. रतनबाईचा नवरा जिवंत, म्हणजे ती पण सवाष्णच. रखमाजी दारापाशी गेला.

"जा, भर ओटी."

"अवो, तुमाला काय झालं म्हंजी?"

"मला काय व्हनार? आन झालंच तर तू बी पाट लाव. चिमाजीचा थोरला भाऊ मोकळाच हाय."

अंगणातले बाप्ये मोठ्यानं हसले. पदराआडच्या बायका पण हसल्या. रतनबाई हसली न्हाई. ती उंबरा उतरून उन्हात आली, सरळ सुनेसमोर उभी राहिली, आणि तिनं तिच्या तोंडाकडं बघितलं. लगेच वळली न्हाई, बघतच राहिली. पोरगा गेल्यापासून असं तिनं कुणाकडं बघितलं न्हवतं.

"आत्याबाई, नगा," ठकुबाई म्हणली. "मामंजींचं..."

"गप बस. कपाळ तर बघू दे तुझं." रतनबाईनं आपल्या हातानं तिला कुंकू लावलं.

नारळ आणि तांदूळ घरात सुपात होते. कुणीतरी म्हणलं, आणू का. रतनबाईनं ऐकलं न्हाई. तिनं कडंवरच्या सगुणाचं तोंड कुरवाळलं, आणि तिला उचलून ठकुबाईच्या पसरलेल्या पदरात बसवलं.

"ही घे. आधी ही. तांदूळ मागनं."

रखमाजी म्हणला, "रतने, अगं..." मग तो खाली बसला आणि सगुणाला म्हणला, "येशील ना गं म्हाताऱ्याला भेटायला?" सगुणा म्हणली, "तुमीबी चला की." तिला वाटलं सगळेच निघालेत.

आमची आई सांगायची, तिला बाकी काय आठवत न्हाई. आईच्या नव्या खरखरीत पदराचा वास आठवतो, ऊन आठवतं, आणि आजी-आजोबा दारात उभे राहून लहान लहान होत गेले ते आठवतं. आई कुठं गेली हे तिला कधी शोधावं लागलं न्हाई. वाटंनं गठुडं भिमामामानं उचललं होतं. पांढरी टोपी खिशात घातली होती, का ते त्यानं कधी सांगितलं न्हाई. आंबवड्याला पोचल्यावर देवळाकडच्या झुलत्या पुलावर सगुणा भ्याली, तर चिमाजीनं तिला खांद्यावर घेतलं आणि बैलाशी बोलतात तसं हळू बोलत पलीकडं नेलं. त्यालाच ती पुढं जन्मभर आबा म्हणली.

रखमाजीला काय झालं न्हाई. सगुणाच्या लग्नात तो काठी टेकत नाचला आणि रतनबाईला म्हणला, "बघ, तुझा पाट ऱ्हायलाच."

इंग्रज गेला तेव्हा भिमा पेढे घेऊन आंबवड्याला आला. "ठके, स्वातंत्र्य आलं!"

"कवा आलं?"

"काल. मध्यरात्रीला."

ठकुबाईनं पेढा घेतला, अर्धा सगुणाला दिला. "हितंबी अंधारातच का? बरं. आता उजाडलंय, आनू दे त्येला घरात."

भिमा लई हसला म्हणे. मग बहिणीच्या पाया पडला. ती धाकटी होती त्याच्याहून.

आईची खिडकी अजून उघडीच आहे. लावायला कुणाचा हात धजत न्हाई. सकाळी ऊन येतं आणि रिकाम्या खाटंवर बसतं.