शैलानं सोडलेला पेशंट

शैला गेल्याचं मला सुजाताच्या फोनवरून कळलं. तासगावच्या माझ्या दवाखान्यात सकाळची गर्दी होती, एका म्हाताऱ्या बाईंच्या दंडाला मी बीपीचा पट्टा गुंडाळत होतो. ‘सर, मॅडम गेल्या...’ एवढं बोलून ती थांबली. मला वाटलं, मॅडम कुठं गावाला गेल्या असं सांगतेय. मग तिचं रडणं ऐकू आलं. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. महिना होऊन गेला, तरी काही अडलं की माझा हात अजून तिला फोन लावायला जातो.

कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. शिकून झाल्यावर बाकीच्यांनी पुणं-मुंबई धरली आणि शैलानं कवठे महांकाळला दवाखाना थाटला. शेवटपर्यंत तिथंच राहिली. सुजाता तिच्याकडं नर्स म्हणून आली ती पंचक्रोशीतल्याच एका बौद्ध कुटुंबातून, नर्सिंगचा कोर्स नुकताच पुरा करून. दोघींनी मिळून तो दवाखाना चालवला, असंच म्हणायला हवं. शैलाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, तिचं हसणं, तिचं भांडणं... पण मला राहून राहून आठवतं ते तिनं एका पेशंटला सोडलं तेव्हाचं.

आबा म्हणजे तिकडचे मोठे द्राक्ष बागाईतदार. साखरेचा आजार, त्यात तळपायाला जखम. सुजाता रोज त्यांचं ड्रेसिंग करायची आणि जखम भरतही आली होती. एक दिवस कुणीतरी आबांना सुजाताची वस्ती कुठली ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं पट्टी सोडायला हात पुढं केला, तसा त्यांनी पाय मागं ओढला आणि भरल्या दवाखान्यात तिच्या जातीवरून बोलले. काय बोलले ते शैलानं मला कधीच सांगितलं नाही. ‘तो शब्द माझ्या तोंडून निघणार नाही,’ म्हणाली. सुजाताला तिनं एवढंच विचारलं, ‘तक्रार करायची आहे का? मी साक्षीला येते.’ सुजाता म्हणाली, ‘नको मॅडम. पण मी त्यांना आता हात लावणार नाही.’

‘मग मीही लावणार नाही,’ शैला म्हणाली.

पण डॉक्टरला असं उठून दार लावता येत नाही. जखम उघडी, इन्सुलिन चालू. अशा वेळी पेशंटला मध्येच सोडलं तर ते नीतीत बसत नाही आणि कायद्यातही. तिनं आबांना आणि त्यांच्या मुलाला समोर बसवलं आणि तिथूनच मला फोन लावून स्पीकर चालू केला.

‘अनिल, आबा इथं बसलेत. त्यांच्यावर उपचार करणं मी थांबवतेय. त्यांना घेशील का?’

‘घेतो. पण शैला, काही मिटण्यासारखं असेल तर...’

‘मिटवायचं ते माझ्याशी नाही, सुजाताशी. ते त्यांना जमत नाही म्हणतात.’

पलीकडून आबांचा आवाज आला, ‘त्या पोरीपायी मला घालवताय व्हय, बाई?’

‘हो आबा. तिच्यापायीच. पण टाकून देत नाही तुम्हाला. सगळे रिपोर्ट आणि आजवरच्या उपचाराची माहिती लिहून देते. अनिलकडं तुमची घडी बसेपर्यंत ड्रेसिंग मी स्वतः करीन. आणि जिवावर बेतलं तर इथं कधीही या.’

तसंच तिनं केलं. आबा माझ्याकडं येऊ लागेपर्यंत, वाकून, पाय मांडीवर घेऊन, रोज ती स्वतः पट्टी बांधत राहिली. त्यांच्या भावकीतली बरीच माणसं मात्र तिच्याकडं यायची बंद झाली. मी विषय काढला की म्हणायची, ‘त्यांचा पाय कसा आहे ते सांग.’ दर फोनला हाच प्रश्न. पाय पूर्ण भरला असं मी सांगेपर्यंत तो थांबला नाही.

मधे एकदा आठवडी बाजारात साखर उतरून आबा भाजीच्या ढिगाऱ्यापाशीच कोसळले. लोकांनी उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं, तो शैलाचा. शैलानं सुजाताला विचारलं, ‘तू बाहेर थांबतेस का?’ ती बाहेर गेली नाही, खाटेजवळही आली नाही. दारातूनच, शैला मागेल ते पुढं करत राहिली. सलाईन शैलानं लावलं. शुद्धीवर आल्यावर आबा म्हणाले, ‘लय उपकार झालं, बाई. आता मी हितंच येत जातो.’

शैला त्यांची नाडी बघत होती. ‘नाही आबा,’ ती म्हणाली. ‘आज आलात ते बरोबर केलंत. उद्यापासून अनिलकडंच जायचं.’

मला ते फार कठोर वाटलं, आणि मी तसं बोललोही. ती चिडली नाही. ‘मला रात्री झोप लागली असेल असं वाटतं का तुला?’ एवढंच म्हणाली.

तिच्या स्वतःच्या मरणानं मात्र तिला कुणालाच काही सांगू दिलं नाही. लोक येत होते आणि बंद दारावरून परत जात होते. म्हणून मी आणि सुजातानं दुपारी तिचा दवाखाना उघडायला सुरुवात केली. एकेकाला बसवायचं, औषधं बघायची, त्याला सोईचा डॉक्टर विचारायचा आणि त्याच्यासमोरच त्या डॉक्टरला फोन लावायचा.

गेल्या आठवड्यात आबा आले. काठी टेकत, मुलाला बाहेरच थांबवून. मला वाटलं माझ्याकडं आलेत, मी खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत. बाकावर पाच-सहा माणसं होती, त्यांच्यादेखत ते सुजातासमोर जाऊन उभे राहिले.

‘बाई गेल्या,’ म्हणाले. ‘बोलायचं ऱ्हाऊनच गेलं.’

‘मॅडमशी?’

‘न्हाई. तुमच्याशी. चुकलं माझं. लय वंगाळ बोललो मी तवा.’

सुजातानं हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, ‘ऐकलं मी, आबा.’ माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. त्यांनीही आणखी काही मागितलं नाही. मान हलवून ते वळले.

शैलाची एक सवय होती. कितीही गर्दी असो, निघालेल्या पेशंटला ती दारापर्यंत सोडायला जायची, कारण त्या दवाखान्याची पायरी जरा उंचच आहे. आम्ही तिला हसायचो, पायरी फोडून घे म्हणायचो. तिनं ती कधी फोडून घेतली नाही...

आबा दाराशी पोचले तेव्हा सुजाता उठली, त्यांच्या मागोमाग गेली आणि उंबऱ्याशी थांबली. हात पुढं केला नाही तिनं. म्हणाली, ‘पायरी उंच हाय. जपून उतरा.’