चरकातून काढलेलं चित्र

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आमच्या गावचे चित्रकलेचे शिक्षक कदम सर यांचे आहेत, आणि त्यांची जस्ताची प्लेट मी उसाच्या चरकातून काढली.

सरांनी वडिलांची समजूत घातली म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. साठच्या दशकात सर मुंबईत एक नवं तंत्र शिकले होते. एकाच कोरलेल्या प्लेटवर तीन रंग. एका शाईत जवसाचं तेल जास्त, दुसरीत कमी. त्या एकमेकींवर बसत नाहीत (आमच्या जुईनगरच्या सोसायटीचे आजी-माजी सेक्रेटरी तसेच), म्हणून रंग आपापल्या जागी राहतात. सरांनी तसं काढलेल्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, नुसते आकार.

सरांची एकुलती एक प्रत वाळवीनं खाल्ली. निवृत्त होताना शाळेत लावायला त्यांना एक तरी प्रत हवी होती. प्लेट माझ्या हाती देत म्हणाले, "तिकडं प्रेस मिळेल. जमेल ना?"

"जमेल की, सर."

कुठल्याही कलाशाळेत विचारलं असतं तर जमलंही असतं. पण मी महाप्याच्या कारखान्यात सुपरवायझर, बीएस्सी. विचारायचं कशाला?

"अहो, प्रेसमध्ये असतं काय?" सुनीतानं, म्हणजे बायकोनं, विचारलं.

"दोन लोखंडी रूळ. मधून प्लेट आणि ओला कागद दाबून काढायचा."

"मग बापूचा चरक काय वेगळा हाय?"

बापू तिचा भाऊ. स्टेशनबाहेर त्याची रसवंती. मला हे शास्त्रीयदृष्ट्या पटलं!

एका लाटण्याला सायकलची ट्यूब गुंडाळून मऊ रूळ केला, दुसरं तसंच कडक ठेवलं. एक रंग कोरलेल्या रेघांत भरला, उरलेले दोन या लाटण्यांनी लावले. रंग खरोखर वेगळे राहिले.

"लाटणी गेली," सुनीता म्हणाली, "पर निळा झ्याक आलाय."

प्लेटवर कागद, त्यावर घोंगडीचा तुकडा, असं सगळं घेऊन रसवंतीवर गेलो. गिऱ्हाईक उभं होतं.

"दाजी, उसाचं चिपाड होतं यातनं," बापू म्हणाला. "चित्राचं काय व्हईल?"

"तू फिरव."

त्यानं फिरवलं. प्लेट पलीकडून कमानीसारखी वाकून आली. मी "थांब" म्हणेपर्यंत बापूनं ती दुमडली, मध्ये आलं-लिंबू घातलं आणि पुन्हा चरकात सारली.

"अरे!"

"हाताची सवय, दाजी."

"मला बर्फ कमी," गिऱ्हाईक म्हणालं.

प्लेट संपली. रसानं चिकटलेला कागद सोडवून वाळवला. खोटं काय लिहावं यावर दोन दिवस घालवले. मग हे पत्र पाठवलं:

"आदरणीय सर, सा. न. वि. वि.

सोबत प्रत पाठवतो आहे. ही पहिली आणि शेवटची. प्लेट मी मोडली. प्रेस शोधायला लाज वाटली, म्हणून चरक वापरला. मधली पांढरी घडी माझ्या मेहुण्याची, उभ्या रेघा चरकाच्या, कोपऱ्यातला पिवळा डाग लिंबाचा. निळा, तांबडा आणि हिरवा मात्र पूर्ण तुमचे आहेत. क्षमा करावी.

चित्र लवकर काचेत बसवावं. ते मला पदवी असून कळलेलं नाही, पण मुंग्यांना लगेच कळतं."